वेगळे निघालेले भाऊ

प्रताप नगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांनी एका जुन्या मिनीबसमध्ये पलंग, पंखा, फ्रिज बसवून फिरतं घर केलंय. संध्याकाळी ते मला आत बोलावतात आणि तिचं वायरिंग समजावतात. छतावरच्या सोलरपासून निघतात, इन्व्हर्टरपर्यंत येतात, आणि आता संपलं असं मला वाटतं तेवढ्यात पुन्हा छतावर चढतात. मध्येच टेस्टर माझ्यावर रोखून विचारतात, "समजून राहिलं का गा तुले?"

मी हो म्हणतो.

मला कळलं होतं ते एवढंच, की बॅटऱ्या दोन आहेत. एक इंजिनची, एक घराची. काका म्हणाले होते, "हे वेगळे निघालेले भाऊ आहेत. घरवाल्यानं इंजिनवाल्याच्या ताटात हात घालाचा नाही. नाही तं गाडी जागची हलनार नाही." दोघांमधली लाल वायर त्यांनी माझ्यासमोरच काढून टाकली होती.

परवा काका-काकू पचमढीला निघाले. काकूंनी लोणच्याच्या बरणीसकट सगळं भरलं. गल्ली निरोपाला जमली. काकांनी चावी फिरवली, तर गाडी नुसती टक् करून गप्प झाली. मी सीटखाली वाकून पाहिलं. तीच लाल वायर दोन्ही बॅटऱ्यांना घट्ट जोडलेली होती आणि मागे पंखा रखडत फिरत होता.

"काय झालं जी?" काकूंनी विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. टेस्टर आज खिशातच होता.

"समजलं का गा तुले काही?" त्यांनी हळूच विचारलं.

आज पहिल्यांदाच समजलं होतं. त्यांनी असं काहून केलं, ते मात्र नाही.

"नाही काका," मी म्हणालो.

ते लगेच उतरले आणि वायरला हातही न लावता सगळ्यात आधी लोणच्याची बरणी घरात घेऊन गेले.