आत्याचा मान

काल नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. जराही आवाज न करता मशीनने विचारलं, नाव काय ठेवायचं? आणि मी रोह्याजवळ वरसेत राहायचो, तेव्हाची एक दुपार आठवली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कंपनीने मोडीत काढलेला लॅपटॉप मी हौसेने घरी आणला होता. लिनक्सच्या फ्लॉप्या एकेक करून घालायच्या, आणि दर रविवारी अकराव्या फ्लॉपीला गाडी अडायची. माझी ताई पेणला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. ती त्या फ्लॉपीची नवी कॉपी आणि पोह्याचे पापड घेऊन आली. या वेळी फ्लॉपी कुर्र कुर्र करत पुढे सरकली. बाकीच्याही गेल्या, आणि पडद्यावर मशीनचं नाव विचारलं गेलं.

मी टाइप करणार, तोच ताईने हात धरला. "नाय हां! नाव आत्या ठेवते. बघ, कुर्र पण स्वतःच करतोय!" ती वाकून फ्लॉपीच्या फटीत "सोन्या" असं कुजबुजली. बायकोने रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. हसता हसता माझ्याकडून स्पेलिंग दोनदा चुकलं.

काल मी ताईला फोन लावला. "दुसरा झालाय."

"कुर्र केलं का त्याने?"

"नाय गो. हा मुकाच हाय."

"मग मी करते. फोन लाव त्याच्या कानाला."