पत्रिकेतली जागा

नुसती लग्नपत्रिका बघून त्या घरातली दुखणी सांगणारी व्यक्ती अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच आहे, आणि मी तिच्याच घरात भाड्याने राहतो. बारामतीत खालच्या मजल्यावर मी, म्हणजे कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेला एक भित्रा माणूस, आणि वर आमच्या घरमालकीण ताई. तीस वर्षं त्यांनी मानसशास्त्रज्ञ म्हणून लोकांची मनं ऐकली. प्रत्येकाला नेमकी पन्नास मिनिटं द्यायची सवय अंगात इतकी मुरली आहे की बारशाला गेल्या तरी पन्नासाव्या मिनिटाला घड्याळ बघून उठतात, मग बाळाचं नाव ठेवून झालेलं असो वा नसो. दुसरी सवय म्हणजे "मग तुम्हाला काय वाटलं?" हा प्रश्न. त्यातून रिक्षावालाही सुटत नाही. मंडईत एका बाईने मेथी भिजून सडल्याचं सांगितलं, तर यांनी पिशवी खाली ठेवून तिलाही तेच विचारलं. ती म्हणाली, "मला काय वाटायचंय, बाई? मेथी घेताय का न्हाय तेवढं सांगा." ताईंनी ओशाळून आठ जुड्या घेतल्या. आठवडाभर दोन्ही मजले मेथी खात होते.

ताईंचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याकडेला. लग्न केलं नाही, त्यामुळे त्या घराला माहेर म्हणायचं की घर, हे त्यांचं त्यांनाच ठरवता आलेलं नाही. घर मात्र जबरदस्त. सरपंच त्यांचा, सोसायटीचा चेअरमन त्यांचा, आणि यांच्या ओसरीवर चहा झाल्याशिवाय गावातली सोयरीक पुढे सरकत नाही. अशा घरातले ताईंचे दोन कर्ते भाऊ, थोरले आबा आणि धाकटे तात्या, अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच ओसरीवर बसायचे आणि मध्ये ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला उभं करायचे. आबा म्हणायचे, "त्याला म्हणावं, उद्या पाणी आमच्याकडं हाय." ड्रायव्हर मान वळवून दोन हातांवरच्या तात्यांना तेच ऐकवायचा, आणि तात्या उत्तरही त्यालाच द्यायचे.

ताईंनी पुस्तक लिहिलं ते या घरावर, आणि तेही चाळीस वर्षांच्या पत्रिका जमवून. निमंत्रक, स्वागतोत्सुक, आपले नम्र अशी आपल्याकडे नावांची उतरंड असते आणि कोण कुणाच्या वर यावरून घरं फुटतात, हे काही मी सांगायला नको. ताई भिंग आणि लाल पेन्सिल घेऊन बसायच्या. "हे बघा सर, तात्या तिसऱ्यावरून सातव्यावर गेला. त्या वर्षी काहीतरी बिनसलंय." एका लग्नाच्या तर दोन पत्रिका होत्या. नवरा तोच, नवरी तीच, मुहूर्त तोच, फक्त दोन्ही भावांनी आपापली वेगळी छापलेली. मुद्रितं मी तपासली. एका पानावर त्यांनी लिहिलं होतं की वडिलांनी आयुष्यभर एका भावाला दुसऱ्याचं उदाहरण दिलं, शाबासकी मात्र कुणालाच दिली नाही. तिथे मी चष्मा काढून थोडा वेळ बाहेर येऊन बसलो.

पुस्तकात नावं बदलली होती, पण गावाला ओळखायला नावं लागत नाहीत. प्रती गावी गेल्या आणि चार महिने तिकडून साधा फोन नाही. त्यात आबांच्या नातीचं लग्न ठरल्याचं ताईंना परस्पर कळलं. ही पोरगी कॉलेजची तीन वर्षं ताईंकडे राहिलेली, त्यांच्याच हातचं जेवलेली. ताई दिवसातून तीनदा विनाकारण फाटकापर्यंत जाऊन यायला लागल्या. शेवटी धीर करून मीच विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतंय?"

"भीती वाटते, सर. पत्रिकेत नाव नसलं तर मी त्या घरची कोणीच नाही."

आणि एका दुपारी फाटकाशी जीप थांबली. आबा आणि नात. ताईंनी मलाही वर बोलावलं, बहुतेक साक्षीला. आबा खुर्चीत बसत म्हणाले, "वाचलं तुजं पुस्तक. तात्याचं समदं बराबर लिवलंयस. माजं जरा वाडवून झालंय." ताईंचं लक्षच नव्हतं. त्यांनी पत्रिका घेतली आणि थेट भिंग उचललं. निमंत्रकांत नाव नाही. स्वागतोत्सुकांत नाही. आपले नम्र वरून खाली पाहिले, तिथेही नाही. भिंग खाली ठेवून त्या म्हणाल्या, "छान छापलीय." तो आवाज मला ऐकवेना.

"आत्याआजी, अगं अजून खाली बघ ना," नात म्हणाली.

अगदी तळाशी दोन पोपटांच्या मध्ये चौकट होती: 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' खाली चिकू, ओवी, शंभू, परी, आणि शेवटी, आत्याआजी.

आबा घसा खाकरून म्हणाले, "वर घालावं तर तात्या म्हनं माज्या वर न्हाय. खाली घालावं तर मी म्हनलो, माज्या भैनीला तळात घालू द्यायचो न्हाय. पंधरा दीस भांडान चाललं. मग ही म्हनली, त्या पोरांच्यात कुनी वर-खाली न्हाय, तितं घाला."

ताईंनी मान वर केली. "म्हणजे तुम्ही दोघं बोललात?"

"भांडलो."

"समोरासमोर?"

"मग काय डायवरला मधी घालून भांडायचं व्हय?"

ताई आधी हसल्या, मग पदराने डोळे टिपत बसल्या. आबा त्या दिवशी अडीच तास बसले आणि ताईंनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

लग्नात ताई पोरांच्या पंगतीला, चिकू आणि ओवीच्या मध्ये बसल्या. ती पत्रिका जुन्या गठ्ठ्यात गेली नाही, आरशाच्या चौकटीत खोचलेली आहे. मी वर जातो तेव्हा बघतो, कारण वरच्या तुळशीला पाणी घालायचं काम आता माझ्याकडे आहे. ताई हल्ली महिना महिना गावाकडेच असतात. दोन्ही भाऊ रोज भांडतात म्हणे, आणि यांना तिथून निघवत नाही. मला त्याचा आनंद आहे, अगदी मनापासून. पण बाहेरून काहीबाही ऐकून, बघून येतो, सवयीने जिन्यापाशी थांबतो, आणि मला काय वाटलं ते विचारायला वर कुणी नसतं.