पाचव्या बोटाचा मान

माणसं जमवण्याच्या बाबतीत माझ्या थोरल्या साडूंइतका हावरा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही. अकोल्यात त्यांचं फुलांचं दुकान आहे, गावाबाहेर झेंडू-गुलाबाचा मळा आहे आणि दोन्हीकडे गिऱ्हाइकांपेक्षा नुसते बसायला आलेलेच जास्त असतात. हार न्यायला आलेला माणूस चहा पितो, पुतणीच्या स्थळाची चौकशी करतो आणि हार विसरून निघून जातो. मग साडू तो हार घेऊन त्याच्यामागे मोटरसायकल काढतात. नवरदेवाची गाडी सजवायला जातील तिथे जेवूनच उठतील, आणि पुढे त्या घरच्या बारशाचं बोलावणंही यांनाच आधी. मी अमरावतीला एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. मला बारशाला कुणी बोलावत नाही. त्यामुळे हा सगळा प्रकार पाहून मला आधी हसू येतं आणि मग थोडा हेवा वाटतो.

अशा माणसाला लेकीने बोट लावून उघडणारा फोन घेऊन दिला. पंचाईत अशी की गुलाबाच्या काट्यांनी आणि हार ओवायच्या सुईने त्यांच्या अंगठ्यावर रेषा म्हणून फारशा शिल्लक ठेवलेल्या नाहीत. फोन मालकालाच ओळखेना. पितृपक्षात धंदा थंडावतो, अंगठ्याला जरा आराम मिळतो, तेव्हा कधीतरी उघडायचा, त्या दिवशी ते ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, स्वयंपाकघरातून बाहेर बोलावून दाखवायचे, "पाह्य वं, वळखलं मले!" एरवी नंबर टाकावा लागे, आणि नंबर ते चारचौघांत टाकत नाहीत, दुकानाच्या मागे जाऊन टाकतात. शेवटी लेक म्हणाली, बाबा, यात पाच बोटं बसतात, घरच्यांची घालून टाका. दुसऱ्या कुणी ही नुसती सोय मानली असती. साडूंनी तिचा मान करून टाकला.

मान म्हणजे लग्नात टोपी-दुपट्टा कुणाला द्यायचा आणि कुणाला नुसता नमस्कार, त्यातला मान. एक अंगठा स्वतःचा, एक ताईंचा, एक लेकीचा, एक धाकट्या भावाचा. पाचवी जागा मोकळी, आणि तिच्यावर सगळ्या गोतावळ्याचा डोळा. ती त्यांनी मला दिली. भर दुकानात, हजर असलेल्या गिऱ्हाइकांच्या साक्षीने, माझं बोट ओल्या फडक्याने पुसून, हातात नारळ देऊन! त्यावरून आमचे मेहुणे इतके भडकले की पुढच्याच वास्तुपूजेला भरल्या पंगतीतून उठले. "साडू चालते, सख्खा साळा चालत नाई!" असं ओरडत ते गेटपर्यंत गेले आणि त्यांना परत आणायला साडूंना अनवाणी धावावं लागलं. हा किस्सा मी आमच्या स्टाफरूममध्ये कितीदा तरी रंगवून सांगितला आणि दर वेळी शेवटी "काय एकेक लोक असतात!" असं म्हणालो. अकोल्याला गेल्यावर पाणी पिण्याआधी मी साडूंचा फोन हळूच उचलतो आणि आपल्या बोटाने अजून उघडतो ना, ते पाहून घेतो, एवढं मात्र स्टाफरूममध्ये कधी बोललो नाही.

मी विज्ञानाचा माणूस असल्यामुळे कुठलीही बातमी नीट समजून न घेता सांगू शकतो. दसऱ्याच्या आधी एका पोराचा व्हिडिओ पाहिला. यापुढच्या फोनमधून बोटाची सोय काढून टाकणार म्हणे, सगळं चेहऱ्यावर चालणार. झालं! अकोल्याला दुकानात बसून मी ही बातमी अशी सांगितली की ऐकणाऱ्याला वाटावं, कारखान्यात मला विचारूनच हे ठरलंय. अदृश्य किरण चेहऱ्यावर कसे पडतात हे दाखवायला मी झेंडूच्या ढिगात नाक-डोळेसुद्धा काढले. साडूंचा ओवता हात थांबला.

"मंग माह्या लोकायचं काय?"

"कुठले लोक?"

"फोनातले."

"अहो भाऊ, चेहरा दाखवला की उघडेल. उलट सोपं."

"चेहरा त कोनाचाबी दिसते जी, रस्त्यानं जाता जाता दिसते. बोट द्या लागते. मानूस जवळ येऊन बसते, तवा देते."

मी घाईने पुन्हा किरणांवर आलो. पण बातमी त्यांच्या मनाला लागली होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तसल्याच फोनसाठी अकोल्यातली दुकानं पालथी घातली; वर्षाची तूरडाळ भरावी तसे दोन फोन भरून ठेवायचा विचार होता. तो फोन आता येत नाही, असं सगळीकडून ऐकून आले आणि जुन्याला प्लास्टिकच्या पिशवीत घालून वापरायला लागले. "सरनं सांगतलं म्हनून येळेवर समजलं," हे वर माझं कौतुक.

दिवाळीनंतर लेकीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. होणाऱ्या जावयाला मान द्यायचा म्हणजे त्याचं बोट घ्यायचं, आणि जागा तर पाचच. नवा फोन घ्यावा तर त्यात बोटच नसेल, ही भीती मीच घालून ठेवलेली. साक्षगंधाच्या मंडपात साडू मला एका बाजूला घेऊन गेले. चेहरा उतरलेला.

"सर, एक बोट काढा लागते."

"माझंच काढा की, भाऊ," मी मोठ्या रुबाबात म्हणालो. "फोनातलं बोट म्हणजे काय, एक इलेक्ट्रॉनिक नोंद." यावर ते निदान एकदा तरी "छे छे" म्हणतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाले आणि निघून गेले.

मी जिलबीला हात लावला नाही. अॅसिडिटी झाल्याचं बायकोला सांगितलं. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर गेलं तरी मी खिडकीबाहेर बघत होतो, आणि बडनेरा आल्यावर एकदम म्हणालो, "तुमच्या माहेरी मला किंमतच काय आहे?" ती हसून हसून सीटवर आडवी व्हायची राहिली. "दादा पंगतीतून उठला तवा तुमी स्टाफरूमभर सांगत फिरले," ती म्हणाली, "आता हे मी दादाले सांगू का?"

लग्नसराईत पुन्हा अकोल्याला जाणं झालं. या खेपेला मी फोनकडे बघायचंसुद्धा नाही असं ठरवलं होतं. साडूंचे दोन्ही हात हारात गुंतलेले, समोर एका गिऱ्हाइकाला सजवलेल्या गाड्यांचे फोटो पाहायचे होते. साडूंनी कोपराने फोन माझ्याकडे सरकवला.

"सर, उघडा."

"माझं नाही त्यात आता," मी शक्य तितक्या कोरडेपणाने म्हणालो.

"लावून त पाहा."

लावलं. फोन उघडला. मला काही कळेना. जावयाचं बोट घेतलं होतं, हे तर मी साक्षगंधाला डोळ्यांनी पाहिलं होतं. मग ताईंचं काढलं? लेकीचं? भावाचं तर शक्यच नाही. तेवढ्यात माझी नजर हारातल्या त्यांच्या अंगठ्याकडे गेली.

"भाऊ, तुमचं स्वतःचं काढलंत?"

"मंग काय करू? माह्याच घरात मले कायचा मान लागते? मी टाकतो नंबर."

मान खाली घालूनच ते हे म्हणाले आणि दोऱ्याला गाठ मारली. मी त्या गिऱ्हाइकाला एकेक गाडी दाखवत राहिलो. असा माणूस आपला साडू आहे आणि आपण त्याच्या घरची जिलबी सोडून आलो, याची मला फार लाज वाटली.

गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "सर, थे बोटाची बातमी... खरीच हाये काय जी?"

मी पुढे काहीच चौकशी केलेली नव्हती. तरी म्हणालो, "अफवा होती, भाऊ. बोट कुठे जात नाही."

"सर म्हन्ते त तसंच असन," ते म्हणाले आणि पुढचा हार घेतला.

खरं काय ते मला अजूनही माहीत नाही. त्यांच्या फोनची काच आता तडकली आहे, दुपारनंतर बॅटरी टिकत नाही. कुठलाही नवा फोन निघाल्याचं कळलं की मी आधी त्यात बोटाची सोय आहे का ते शोधतो, आणि असली की लगेच अकोल्याला फोन लावतो.