बोंडाची खूण

नेलपॉलिशचा वास आला की अकोटची माझी चाकू बनवायची शेड आठवते. चाकूच्या पात्यावर बायकोचं नेलपॉलिश लावायचं, वाळलं की सुईने त्यात कापसाचं बोंड कोरायचं. मग बॅटरीची एक तार पात्याला आणि दुसरी मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या बोळ्याला लावून तो बोळा दाबला, की चरचरत पोलादात माझी खूण उतरायची. एकदा पोलिसाने मोबाइलवर फोटो दाखवला. "हे बोंड तुमचंच हाय न?" भाजीचाच चाकू होता, बोंडाच्या रेषांत रक्त वाळलेलं. मी हो म्हणालो. पेपरात बातमी आली आणि लगेच एक गिऱ्हाईक दारात. "मले तोच बोंडवाला पायजे, खुनातला." मी खूण न उतरवलेलं, कोरं पातं पुढे केलं. त्याने उलटसुलट पाहून परत ठेवलं. अजूनही मी कोरीच पाती विकतो, आणि कोणी पातं उलटून पाहू लागलं की त्याच्या तोंडाकडे बघत नाही.