भाकरी शेकायची जागा

पाटसच्या संपत गवंड्याला लोक ‘बिनधुराचा संपत’ म्हणायचे आणि त्याला ते नाव भारी आवडायचं. चौऱ्याण्णव साली शिरूरच्या सरकारी शिबिरात तो निर्धूर चूल घालायला शिकला. मातीची चूल, मागे सिमेंटचं धुराडं, सगळा धूर छपराबाहेर. दोन वर्षांत त्याने गावोगाव दोनशे चुली घातल्या. सत्कार झाला, शाल-नारळ मिळाला आणि गडी जमिनीवरून चार बोटं वर चालू लागला.

शिबिरातल्या चुलीचं तोंड रुंद होतं. त्यातून थोडा धूर पुढे यायचा. संपतने डोकं लढवलं, स्वतःचा पत्र्याचा साचा केला आणि तोंड निम्म्यावर आणलं. धूर थांबला. पाहणीला आलेल्या साहेबांनी पाठ थोपटली. मग काय, त्यानंतरच्या सगळ्या चुली त्याच साच्यातून निघाल्या.

त्यातली पहिली त्याने मोठ्या हौसेने थोरल्या बहिणीच्या घरी घातली. रतनअक्का कारेगावात राहायची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. सैपाकघरात कौलाच्या झरोक्याखाली तिची जुनी चूल होती. ती फोडून त्याच जागी संपतने नवी बसवली. अक्काने वाकून बघितलं आणि विचारलं, “आन् भाकरी कुठं शेकू? तोंडाशी निखाऱ्यांचा आर वढायला जागाच न्हाई.”

“तव्यावरच शेकायची, अक्का. जग कुठं चाललंय आन् तू कुठं हायेस.”

ज्याने जन्मात कधी भाकरी थापली नाही, त्याने भाकरीचा प्रश्न असा उभ्या उभ्या निकालात काढला. त्याच्या स्वतःच्या घरी गोबर गॅस होता, त्यामुळे तो प्रश्न पुन्हा त्याच्या वाटेला आला नाही.

पुढे अक्काकडे जाताना तो आधी निरोप धाडायचा. कुठल्याही घरी चूल बघायला जाताना धाडायचा. निरोप असला की जेवण बरं मिळतं. अक्काच्या घरी नवी चूल पेटलेली असायची, वर चहाचं आधण, ताटात टम्म फुगलेली भाकरी.

“फुगती का न्हाई?” तो विचारायचा.

“फुगती की रं,” अक्का म्हणायची.

नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात रांजणगावच्या एका कारखान्यात भिंतीचं माप घ्यायला तो आला. काम लवकर उरकलं, म्हणून न सांगताच शेजारच्या कारेगावात अक्काकडे गेला. घरात हाक मारली, उत्तर नाही. सैपाकघरात त्याची चूल पांढरीशुभ्र सारवलेली, तिला हळदकुंकवाची बोटं ओढलेली. आणि त्या अरुंद तोंडात एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती.

घरामागून खोकला ऐकू आला. तिथे सरपण ठेवायचं पत्र्याचं बुटकं छप्पर होतं, वाकल्याशिवाय आत जाता येत नव्हतं. आत तीन दगडांवर तवा, निखाऱ्यांपुढे उभी भाकरी, आणि धुरात लालभडक डोळ्यांची अक्का. चोरी सापडावी तशी ती दचकली.

“अरं, सांगून यायचं न्हाई व्हय?”

“अक्का, हितं कवापास्नं?”

“तू चूल घातलीस, त्याच्या दुसऱ्या दिसापास्नं. भाकरी फुगंना, बाबा. तुझ्या दाजींना चिवट भाकरी चावत न्हाई.”

“मला सांगायचं की.”

“सांगितलं व्हतं. तवा तू हसलास. मग तुझा सत्कार झाला. कशाला मन मोडायचं?”

“मोडून टाकायची ती चूल.”

“तुझ्या हातची हाय. मोडवंना.”

संपतला इतकी लाज वाटली की तिच्या तोंडाकडे बघवेना. जुन्या चुलीचा धूर निदान कौलातून बाहेर जायचा. त्याने ती फोडली होती आणि बहिणीला या छपरात आणून बसवलं होतं. पाच वर्षं. मग एकेक घर आठवायला लागलं. सगळीकडे त्याने निरोप धाडला होता, सगळीकडे भाकरी फुगलेली होती. आपण किती ऐटीत जेवलो, हे आठवून त्याचे कान तापले.

त्याने कोंबडी अंड्यांसकट पाटीत ठेवली आणि पिशवीतून थापी काढली. “अक्का, एक भाकरी आण. कशी धरतीस ती दाव.” तिने चुलीपुढे भाकरी उभी धरली, त्याने कोळशाने तिच्याभोवती रेघ मारली आणि तेवढं तोंड मोठं केलं. जाळ केला तेव्हा थोडा धूर पुढे आला, बाकीचा धुराड्यातून वर गेला. अक्काने आर पुढे ओढला.

“फुगली की रं,” ती म्हणाली.

हे तो पाच वर्षं ऐकत आला होता. त्यामुळे या वेळी तो उकिडवा बसून, भाकरीला पापुद्रा सुटेपर्यंत स्वतः बघत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून तो निरोप न धाडता दोनशे घरं फिरायला निघाला. अक्काची चूल त्या एका दुपारीच नीट झाली होती. खोकला काही गेला नाही. पुढे कधीही तिच्याकडे जेवायला बसला आणि आतून ती खोकली, की बिनधुराचा संपत ताटातल्या भाकरीला हात लावायचा थांबायचा.