फिकट पडलेला मरून

सत्त्याऐंशी साल असावं. सौसरजवळ सूत रंगवण्याचा एक कारखाना होता, तिथे मी कॉम्प्युटरवर काम करायचे. पांढुर्ण्याहून रोज बसने जाणंयेणं. बसमधल्या बायका 'कॉम्प्युटरवाली आली' म्हणून सरकून जागा द्यायच्या आणि मी ती ऐटीत घ्यायचे. तेवीस वर्षांची होते आणि डोक्यात हवा होती, दुसरं काय!

कारखाना चालायचा तो रंगमास्तरांच्या जिवावर. ते जवळच्याच रामाकोना गावचे. तीस वर्षं सूत रंगवलेला माणूस. दहा किलो सुताला लाल किती ग्रॅम, पिवळा किती, निळा किती, हे प्रत्येक शेडचं त्यांना पाठ. दोन वर्षं त्यांच्याशेजारी बसून मी ते सगळे आकडे मशीनमध्ये घातले होते. शेडचं नाव टाइप केलं की चिठ्ठी छापून यायची, कामगार त्याबरहुकूम रंग तोलायचे आणि चिठ्ठी फेकून द्यायचे.

पण मला आणखी एक गोष्ट माहीत होती, जी कारखान्यात दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हती. काचबिंदूने मास्तरांची नजर जवळजवळ गेली होती. त्यांना माणसांच्या सावल्या दिसायच्या, रंग नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. हे वर कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी ते घरी बसले असते. म्हणून चिठ्ठी देताना मी आकडे त्यांच्या कानाशी हळूच म्हणत असे. ते मान हलवायचे. हौदातून घाणा रंगून निघाला की ओल्या सुताची लड हातात धरायचे आणि म्हणायचे, "बरोबर हाय." मास्तर बोलल्याशिवाय शेडबद्दल कोणी तोंड उघडायचं नाही, ही तिथली रीत होती. आकडे बरोबर असायचे, म्हणून रंग बरोबर यायचा, म्हणून मास्तरही बरोबर ठरायचे.

मग नवं मशीन आलं. जुनं भाड्याचं होतं, ते नागपूरचे लोक त्याच दिवशी चार वाजता ट्रकमध्ये घालून नेणार होते. दोघांच्या सिस्टिम वेगळ्या. एकाची फ्लॉपी दुसऱ्यात वाचली जाईना. शेवटी दोघांमध्ये एक केबल जोडायची आणि तिच्यातून फाइली पाठवायच्या, असं ठरलं.

सकाळी आठला मी बसले. आधी प्रोग्राम पाठवला. ओळीमागून ओळ नव्या पडद्यावर उमटत गेली, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मग शेडच्या आकड्यांची फाइल. ती गेल्यावर दोन्हीकडचा आकार पाहिला. तंतोतंत सारखा. मला इतका आनंद झाला की मी टेबलावर हात आपटला.

नव्या हौदात पहिला घाणा हळदी शेडचाच काढायचा, अशी तिथे पद्धत होती. कामगारांनी कॉम्प्युटरपुढेही नारळ फोडला आणि म्हणाले, हळदीचीच चिठ्ठी काढा. काढली. दोन वाजेपर्यंत सूत रंगून आलं, अगदी पहिल्यासारखं पिवळं. दारात ट्रक उभा होता. मास्तर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"बाई, हळद तं देवाची असते. एखादी गडद शेडबी काढून पाह्य ना. ट्रक काही पळून नाही चालला."

मला राग आला. सकाळपासून पाणीसुद्धा प्यायले नव्हते. "मास्तर, शितावरून भाताची परीक्षा. आणि फाइल मोजून घेतली आहे मी. तुम्ही रंगाचं बघा, मशीनचं मी बघते."

"बरं बाई," ते म्हणाले आणि गेले. चार वाजता जुनं मशीन ट्रकमध्ये चढलं. जाण्याआधी नागपूरच्या लोकांनी माझ्यासमोर त्याची डिस्क पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मरून होता. मोठ्या गिऱ्हाइकाचा माल, गिऱ्हाईक स्वतः आलेलं, मॅनेजर त्याला कारखाना दाखवत होते. मी चिठ्ठी काढली. लाल बावीस, पिवळा सात, निळा बारा. मी ती वाचली, पण खरं सांगते, दोन वर्षं आकडे टाइप करूनही कोणत्या आकड्याने कोणता रंग होतो हे मी कधी शिकले नव्हते. मास्तर शेजारीच होते. रोजच्यासारखं कानाशी म्हणणार, तेवढ्यात मॅनेजर आमच्याकडे वळले. आता कुजबुजलं तर त्यांना संशय येईल, म्हणून मी चिठ्ठी सरळ तोलणाऱ्याच्या हातात दिली.

तीन तासांनी सूत वर आलं. मरून नव्हताच तो. फिकट, मळकट गुलाबी, बोहारणीने परत केलेल्या लुगड्यासारखा. कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं, पण रीत ती रीत, कोणी बोललं नाही. मी मास्तरांपासून वीस पावलांवर होते. ओरडले असते तर ऐकू गेलं असतं. काय ओरडू?

"मास्टरजी, शेड कैसा है?" मॅनेजरांनी विचारलं.

मास्तरांनी लड हातात घेतली, खिडकीकडे धरली, सवयीने डोळे बारीक केले.

"एकदम बरोबर साहेब. पक्का मरून."

गिऱ्हाईक हसलं. मॅनेजर हसले नाहीत. त्यांनी मास्तरांच्या डोळ्यांपुढे हात हलवून पाहिला. संध्याकाळच्या आत मास्तरांना घरी पाठवलं.

चूक कुठे झाली ते मी रात्र होण्याआधीच शोधून काढलं. केबलवर मी सेटिंग अक्षरांचं ठेवलं होतं. अक्षराला शून्य-एकच्या सात खुणा पुरतात, आकड्याला आठ लागतात. आठवी खूण वाटेत गळत होती. म्हणजे एकशे सत्तावीसपर्यंतचा आकडा धडधाकट पोचायचा आणि त्यापुढच्या प्रत्येकातून एकशे अठ्ठावीस गायब. दीडशेचे बावीस. हळदीत शंभरावर एकही आकडा नव्हता. फाइलचा आकार तर सारखा राहणारच, प्रत्येक आकडा आपल्या जागी होता, फक्त खोटा. आणि बावीस हा खरा बावीस की दीडशेतला उरलेला, हे फाइल पाहून कोणालाच सांगता आलं नसतं. एक माणूस सोडून.

तिसऱ्या दिवशी, आकडे बिघडल्याचं कळल्यावर, मॅनेजरांनी सगळ्या शेडच्या कागदांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. "मास्टरजी से ठीक करवा के लाइए।" मी रामाकोन्याला गेले. जाताना बसमध्ये मला स्वतःची शिसारी आली होती, पण मी गेले. नाही म्हणता आलं असतं, म्हटलं नाही. मला माझी नोकरी हवी होती.

मास्तर अंगणात खाटेवर बसले होते. त्यांच्या बायकोने चहा दिला, माझ्याकडे न बघता.

"काय झालं होतं वं?" त्यांनी विचारलं.

"तराजूची आठ वजनं समजा," मी म्हणाले. "एक, दोन, चार, असं दुपटीने. सगळ्यात जड वजन वाटेत पडलं. हलकं तोलायला अडचण आली नाही. चूक माझी होती, मास्तर. तुम्ही सांगितलं होतं."

"हाव, सांगतलं तं होतं," ते म्हणाले. त्यांनी मला समजावलंही नाही आणि झापलंही नाही. झापलं असतं तर बरं झालं असतं. "वाच."

मी शेडचं नाव वाचायचे, ते आकडे सांगायचे. वीट. जांभळा. बाटलीहिरवा. एकदाही अडखळले नाहीत. अर्धा गठ्ठा झाल्यावर ते थांबले. मी पेन हातात धरून बसले होते.

"बाई, हे सारं लिहून झालं का मंग माही काही गरज नाही ना तिथं?"

खोटं बोलायची फार इच्छा झाली. दोन वर्षं त्यांच्यासाठी खोटं वागले होते, त्यात अजून एक.

"नाही, मास्तर," मी म्हणाले.

आत भांडी वाजत होती ती थांबली. मास्तरांनी मांडीवरचे हात पुसले, रंग लागलेले असावेत तसे.

"पुढची शेड सांग," ते म्हणाले.

मी म्हणाले, "मरून." त्यांनी तिन्ही आकडे सांगितले, आणि मी ते लिहून घेतले.