गाठी वाढल्या म्हणून पोरीचं लग्न उरकायचं?

"मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, आणि तो लिव्हरमध्ये पसरलाय," असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तेव्हा आमचे हे ढसाढसा रडायला लागले. मला रागच आला. आजार मला, आणि समजूत मीच घालत बसले.

बरेच महिने संडासवाटे रक्त जायचं. मूळव्याध असेल म्हणून मी शहागंजच्या बाजारातून चूर्ण आणून खात होते. तुम्ही असला शहाणपणा करू नका. लाज गेली चुलीत, आधी दाखवून या.

गाठीचा तुकडा तपासला, तो 'एमएसआय-हाय' निघाला. म्हणजे पेशीतला बिघाड दुरुस्त करायची सोयच मोडलेली. अशा गाठींवर इम्युनोथेरपी बरेचदा लागू पडते. हे औषध गाठीला थेट मारत नाही, आपल्याच प्रतिकारशक्तीला तिच्यावर सोडतं. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून घ्यायचं.

दोन-तीन सलाईनमध्येच पोट दुखायचं कमी झालं. भाकरी गोड लागायला लागली. छावणीतल्या आमच्या पिठाच्या गिरणीवर मी परत बसायला लागले. आणि नेमका तेव्हाच औषध सुरू झाल्यावरचा पहिला सीटी स्कॅन आला. लिव्हरमधल्या गाठी मोठ्या झालेल्या!

ह्यांनी पाचोडला माझ्या धाकट्या भावाला, दत्ताला फोन केला. तो दुसऱ्याच दिवशी हजर. "अक्का, आता त्या औषधात काय राम नाय. बंद कर ते. तुझ्या डोळ्यादेखत पूजाचं उरकून टाकू."

पूजा माझी लेक, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. आमच्याकडं घरात कुणी जाणार असं वाटलं, की लग्नाची घाई सुटते. माणूस गेल्यावर एक तर वर्षाच्या आत करा, नाय तर तीन वर्षं थांबा.

"मला जाळायची एवढी घाई झाली व्हय रे तुला?" मी म्हणाले. तो रडला. वाईट नाय तो, लई भ्याला होता.

मॅडमनी मात्र घाई केली नाही. "प्रतिकारशक्तीच्या पेशी गाठीत घुसल्या की सूज येऊन गाठ मोठी दिसू शकते. याला स्यूडोप्रोग्रेशन, म्हणजे खोटी वाढ, म्हणतात. हे फार थोड्या जणांत होतं. पण तुमचं वजन वाढलंय, दुखणं कमी आहे, म्हणून औषध चालू ठेवू आणि काही आठवड्यांनी परत स्कॅन करू. मधे तब्येत ढासळली तर लगेच या. खरंच वाढलं असेल तर औषध बदलू."

मी औषध चालू ठेवून वाट बघायचं ठरवलं. घाबरले नव्हते असं नाय. गिरणी चालू करून रडायचे, त्या आवाजात कुणाला ऐकू जात नाय.

रविवारी दत्तानं मला न विचारता पाहुणे आणले. मुलाची आई सारखी माझ्याच तोंडाकडं बघत होती. मी चहा दिला आणि म्हणाले, "माझं काय ते डॉक्टर ठरवतील. पोरीचं मी ठरवलंय, ती शिकणार. चहा घ्या, गार होईल." दत्ता महिनाभर बोलला नाय. नको बोलू.

दुसऱ्या स्कॅनला पूजा बरोबर होती. मॅडमनी फोटो शेजारी शेजारी लावले. "औषधाच्या आधी होत्या त्यापेक्षाही गाठी लहान झाल्यात. ती सूजच होती. आजार गेलेला नाही, पण औषध काम करतंय."

माझं असं झालं म्हणून तुमचंही होईल, असं मी म्हणणार नाय. पण एका फोटोवरून कुणाला तुमचं मरण ठरवू देऊ नका. माझ्या मॅडमनी ठरवलं नाही, त्यांचे उपकार मी विसरणार नाय.

बाहेर आलो. पूजा हळूच म्हणाली, "मम्मी, मग मी उद्यापासून कॉलेजला जाऊ?"

मला कळेचना. रोज डबा घेऊन तर निघायची! पहिल्या स्कॅनपासून पोरगी मैत्रिणीच्या घरी जाऊन बसत होती. आता कशाला शिकायचं, म्हणून.

मी भावाशी भांडले, पाहुण्यांना वाटेला लावलं, आणि माझ्याच घरात माझ्या लेकीनं मला मेलेलं धरलं होतं. पाठीत एक धपाटा घातला आणि तिथंच, सगळ्यांसमोर, तिला पोटाशी धरून रडले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकापर्यंत तिला मीच सोडून आले. चालत.